सुटा भाग बदलला नाही, तर दुरुस्तीचे पैसे घ्यावेत का?

आर्वीचा_कारागीर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आर्वीत माझे कॉम्प्युटर दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे आणि चौदा वर्षांपासून मी हेच काम करतो आहे. एक प्रश्न बरेच दिवस मनात होता, गेल्या गुरुवारच्या प्रसंगामुळे तो इथे मांडावासा वाटला.

अठरा किलोमीटरवरच्या गावातले एक कृषी केंद्रवाले त्यांची मशीन मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून, दोरीने आवळून घेऊन आले. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण पडद्यावर काहीच उमटत नव्हते आणि आतून थांबून थांबून लांब बीप ऐकू येत होता. हा बीप ज्याने चार वेळा ऐकला आहे त्याला रॅमकडे, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीकडे, बोट दाखवायला वेळ लागत नाही. मी रॅम काढली. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता आणि एका टोकाला हिरवट डाग होता. पावसाळाभर खतांच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या मशीनमध्ये असे हमखास दिसते. शाळेतल्या मुलांचे असते तसल्या साध्या खोडरबरने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसल्या, खाच मऊ ब्रशने झाडली, दोन्हीकडचे चाप टक् वाजेपर्यंत रॅम दाबून बसवली आणि मशीन सुरू झाली. त्यानंतर अर्धा तास ती चालू ठेवली आणि चार वेळा बंद करून पुन्हा लावून पाहिली.

मी दोनशे रुपये सांगितले. ते म्हणाले, "भाऊ, याच्यात तं तुमी काईच नाई टाकलं, मंग पैसे कायचे?" त्यांनी पन्नासची नोट टेबलावर ठेवली, मशीन बांधली आणि ते गेले. माणूस वाईट नाही, हे मी मनापासून सांगतो. खताच्या पोत्याचे पैसे पोते दिल्यावर घ्यायचे, हा त्यांच्या धंद्याचा हिशोब आहे आणि त्याच हिशोबाने ते माझ्याकडे पाहत होते.

मी तीच रॅम खराब आहे असे सांगून दुसरी टाकली असती, तर त्यांनी हजार रुपयेही निमूटपणे दिले असते. मला खरा त्रास याच गोष्टीचा होतो, कारण खरे काम करणाऱ्याला पन्नास आणि फसवणाऱ्याला हजार, अशी ही रीत पडत चालली आहे. आपल्यापैकी जे हे काम करतात ते तपासणीचे वेगळे पैसे घेतात का, आणि गिऱ्हाइकाला ते कसे सांगतात? ज्यांच्या मशीन आमच्याकडे येतात त्यांनीही लिहावे.

कापूसबोंड | सोमवार, रात्री १०.१५

दादा, हा अनुभव आमच्या वणीकडेही रोजचा आहे. मी तपासणीचे शंभर रुपये घेतो आणि ते आधी सांगतो, पण नुसते सांगून भागत नाही, दाखवावे लागते.

दिवाळीनंतर कापूस निघू लागला की माझ्याकडे जिनिंगमधल्या काटाघरांच्या मशीन येऊ लागतात. तक्रार एकच असते की मशीन दहा मिनिटे चालते आणि आपोआप बंद पडते. प्रोसेसरवरचा पंखा उचलला की खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा थर सापडतो. तो धुळीसारखा फुंकून उडत नाही. तंतू एकमेकांत गुंतून त्याची घोंगडीसारखी जाड पट्टी झालेली असते आणि चिमट्याने एका कोपऱ्यातून ओढली की ती अख्खीच्या अख्खी निघते. तिच्यातून वारा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होते. ती पट्टी मी फेकत नाही, कागदावर ठेवून मालकाच्या हातात देतो. मग प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट जुनी सुकलेली असते, ती पुसून नवी लावतो. या कामाचे पैसे द्यायला आजवर एकाही माणसाने नाही म्हटले नाही.

तेव्हा माझा अनुभव असा की पेटी गिऱ्हाइकासमोर उघडावी. पडद्यामागे नेऊन दहा मिनिटांनी चालू मशीन आणून दिली, तर ती बटण दाबून चालू झाली असेच त्याला वाटणार. तुम्ही ती रॅम त्यांच्यासमोर पुसली होती का?

आर्वीचा_कारागीर | सोमवार, रात्री १०.३२

नाही. ते बाहेर चहा घेत होते. हे माझ्या लक्षात आले नव्हते, आभारी आहे.

सेवाकेंद्र_ताई | मंगळवार, सकाळी ७.०५

मी वाशीम जिल्ह्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते, म्हणजे मी पलीकडच्या बाजूची आहे. पैसे द्यायला आमची हरकत नसते, पण कशाचे देतो हे आम्हाला कळत नाही आणि कारागीर सांगतही नाहीत, ही आमची तक्रार आहे. माझ्यावर काय बेतले ते सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पीक विम्याची मुदत तोंडावर आलेली आणि दारात सकाळपासून रांग लागलेली असताना, माझ्या मशीनवर एकही शासकीय संकेतस्थळ उघडेना. जोडणी सुरक्षित नाही असा लाल इशारा यायचा. तालुक्याच्या एका कारागिराला बोलावले. त्याने व्हायरस आहे असे सांगून विंडोज नवी टाकली, सातशे रुपये घेतले, आणि त्या दिवशी काम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावली, तर तोच इशारा पुन्हा हजर. त्याने परत येऊन परत विंडोज टाकली. तिसऱ्या दिवशी माझ्या बारावीतल्या भाच्याने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहून विचारले की आत्या, इथे २०१० साल का दिसते आहे?

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. रात्री मुख्य बटण बंद केले की मशीनचे घड्याळ मागे जायचे. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. २०१० सालात बसलेल्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे दिसते, म्हणून ती उघडायला नकार देते. विंडोज टाकताना कारागीर तारीख नीट करायचा, म्हणून दिवसभर चालायचे. तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल चाळीस रुपयांत आला. दोनदा विंडोज टाकण्यात माझे चौदाशे रुपये, दोन दिवस आणि लोकांचे हेलपाटे गेले, ते वेगळेच.

म्हणून आर्वीच्या भाऊंना सांगते की तपासणीचे पैसे जरूर घ्या, पण तपासणी खरी असू द्या. माझ्याकडे आलेला माणूस आधी तपासून "सेल गेला आहे" म्हणाला असता आणि त्याने तीनशे रुपये मागितले असते, तर ते मी आनंदाने दिले असते.

वैनगंगाकाठ | मंगळवार, सकाळी ९.२०

मला हे पटत नाही. आमच्या पवनी भागात दुकानदारी ओळखीवर चालते. ज्याची रॅम मी फुकट पुसून दिली तोच उद्या मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला माझ्याकडे येतो, आणि भाच्यालाही माझ्याकडेच पाठवतो. धानाचे पैसे हातात येईपर्यंत इथे शंभराची नोट मोडतानाही माणूस विचार करतो. दहा मिनिटांच्या कामाचे पैसे मागून आपण ओळख गमावतो, असे माझे मत आहे.

तारजोडणी | मंगळवार, दुपारी १.१०

मी मूळचा वायरमन, नंतर कॉम्प्युटरच्या कामात आलो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. आपण मशीन दुरुस्त करतो आणि ज्या भिंतीत ती मशीन लावलेली आहे त्या भिंतीकडे पाहतच नाही. खेड्यातल्या मशीनचे निम्मे आजार त्या भिंतीतून येतात, हे मी अनुभवाने सांगतो.

रिसोडकडच्या एका शाळेत सहा महिन्यांत तीन एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारे डबे, जळाले. माझ्याआधी गेलेल्या दोघांनीही जळालेला काढून नवा बसवला, बिल दिले आणि ते निघून आले. मी गेलो तेव्हा मशीन उघडण्याआधी मीटर सॉकेटमध्ये लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास हवे तिथे १७० होते, कारण शेजारच्या शेतांतले पंप त्याच वेळी सुरू झाले होते. ते बंद झाले की भार एकदम उतरायचा आणि दाब उसळायचा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसू नये, तिथे चौदा होते. पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी मुलांची तक्रार होती, आणि शिक्षक त्यांना चप्पल घालून बसायला सांगत होते.

अर्थिंगचा खड्डा पाहिला तेव्हा कारण कळले. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. मे महिन्यात त्या पाइपभोवतीची माती पाइपापासून सुटून चांगली दोन बोटे दूर गेली होती. पाइप होता, तार होती, पण जमिनीशी संबंधच उरला नव्हता. आम्ही दोन बादल्या पाणी ओतले आणि मीटर चौदावरून पाचवर आला.

याहून घातक प्रकार म्हणजे डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटणे. तसे झाले की कुणाच्या घरात शंभर व्होल्ट येतात, तर कुणाच्या घरात साडेतीनशेच्याही वर जातात, आणि एका झटक्यात आळीतले टीव्ही, फ्रिज, मशीन सगळे जाते. तेव्हा वैनगंगाकाठ, तुम्ही रॅम फुकट पुसून दिलीत, पण त्या मशीनला कशी वीज मिळते हे पाहिलेत का? ते पाहण्याचे काम मोठे आहे आणि फुकटात ते कोणीच करत नाही, म्हणूनच ते होत नाही.

वैनगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १.४५

घरी जाऊन पाहण्याचे पैसे घ्यायला माझाही विरोध नाही. दुकानात आलेल्या दहा मिनिटांच्या कामाबद्दल मी बोलत होतो.

मेळघाटवारा | मंगळवार, रात्री ८.३०

धारणीकडून लिहितो आहे. इथे प्रश्न दहा मिनिटांचा नसतोच. परतवाड्याहून सुटा भाग मागवला तर सेमाडोह, हरिसाल करत गाडी घाटातून येणार, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर ती कधी येईल ते सांगता येत नाही. माझे काम आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्रे आणि ग्रामपंचायतींमध्ये चालते. जाण्या-येण्यात अख्खा दिवस जातो आणि तिथे पोचल्यावर कधी कळते की मॉनिटरची केबल ढिली होती. अशा वेळी मी काय घ्यावे?

मी शेवटी असे ठरवले की आधी फोनवर पंधरा मिनिटे बोलायचे. कोणता दिवा लागतो, कोणता लागत नाही, आवाज येतो का, वास येतो का, काल रात्री वीज कडाडली होती का, हे सगळे शांतपणे विचारायचे. मागची केबल काढून परत लावा, असे सांगायचे. पाचातले दोन प्रश्न तिथेच सुटतात आणि त्याचे मी काही घेत नाही. जावे लागले तर फेरीचा दर आधीच ठरलेला असतो, मग केबल निघो की मदरबोर्ड.

वीज कडाडण्याबद्दल विचारतो, त्याला कारण आहे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचे त्या काळात मृगाच्या पहिल्या पावसात दरवर्षी मोडेम जळायचे आणि त्यातून लॅन केबलने तो झटका मशीनपर्यंत जायचा. लोक प्लग काढायचे, पण टेलिफोनची तार तशीच राहू द्यायचे. एका शाळेत मोडेमच्या झाकणाला आतून काजळी धरली होती आणि लॅनच्या खाचेतल्या आठ पितळी तारांपैकी तीन वितळून एक झाल्या होत्या. आता फायबर आल्यापासून तो मार्ग बंद झाला आहे, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र फायबरच्या डब्याचा अडॅप्टर भिंतीतच असतो, तो आभाळ भरून आले की काढावाच लागतो.

जुनी_लिपी | मंगळवार, रात्री १०.१०

थोडे विषयांतर होईल, पण ते याच प्रश्नाकडे परत येते. खामगावला माझे टंकलेखन आणि लग्नपत्रिकांचे काम आहे, १९९८ पासून. मी श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या प्रणालीवर काम शिकलो. तेव्हा तिच्यासोबत डोंगल, म्हणजे परवान्याची किल्लीसारखी डबी, यायचे, ते मागच्या प्रिंटरच्या खाचेत लावल्याशिवाय अक्षरे उमटत नसत. नव्या मशीनना ती रुंद खाचच राहिली नाही.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामाईक संकेतपद्धत, रुळण्याआधीच्या या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असत आणि तो विशिष्ट फॉन्ट असला तरच त्यांचे मराठी दिसे. पाच वर्षांपूर्वी एका कारागिराने माझी मशीन फॉरमॅट केली. फाइली सगळ्या जपून ठेवल्या होत्या, त्याबद्दल त्याला दोष देणार नाही. पण फॉन्ट गेले. वीस वर्षांच्या पत्रिका, निविदा, गावच्या संस्थांची इतिवृत्ते उघडली, की पडद्यावर नुसता चिन्हांचा सडा पडलेला. 'श्री गणेशाय नमः' लिहिलेल्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरे दिसू लागली. ते फॉन्ट गोळा करायला मला दोन महिने लागले आणि एक तर अकोल्याच्या एका जुन्या छापखान्यातल्या बंद मशीनमध्ये सापडला.

यंदा परत मशीन बदलली तेव्हा दुसरा मुलगा आला. त्याने हात लावण्याआधी वही काढून विचारले, "काका, कोणकोणते फॉन्ट वापरता? प्रिंटर कोणता? पासवर्ड कुठे लिहून ठेवलेत?" त्याने आधी फॉन्टचे फोल्डर उचलले आणि मगच बाकीचे काम केले. सुटा भाग त्यानेही एकच टाकला, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान साठवण. मी त्याला मागितल्यापेक्षा तीनशे जास्त दिले आणि ते मी त्या प्रश्नांचे दिले, हे त्याला सांगितलेही.

कापूसबोंड | मंगळवार, रात्री १०.५०

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या पावतीच्या मागच्या बाजूला हे प्रश्न छापून घ्यायचे ठरवले आहे.

काहीही न करण्याचेही काम असते, हे यात जोडतो. मागच्या वर्षी एका दुकानदाराची हार्ड डिस्क टिक् टिक् असा ठेका धरून वाजत होती. तिच्यात त्याच्या तीन हंगामांच्या उधारीचा हिशोब होता, कुठल्या शेतकऱ्याकडे किती बाकी आहे तो सगळा, आणि त्याची नक्कल कुठेही नव्हती. असा आवाज म्हणजे आतला वाचणारा काटा जागेवर बसत नाही. प्रत्येक वेळी चालू करून पाहताना तो चकतीवर ओरखडा काढण्याची शक्यता असते. त्याने आणण्याआधी दोघांनी ती दहादा लावून पाहिली होती. मी ती एकदाही लावली नाही. कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि सांगितले की ही धूळविरहित खोलीत उघडणाऱ्या प्रयोगशाळेकडेच पाठवा, तोवर कुणालाही लावू देऊ नका. त्याचा बहुतेक हिशोब परत मिळाला. मी त्याच्याकडून तपासणीचे शंभरच घेतले, पण ते घेतले. माझ्या त्या शंभरात न लावण्याचे शहाणपण होते, असे मी मानतो.

शाळेची_लॅब | बुधवार, सकाळी ११.००

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे देणगीतून आलेल्या अकरा जुन्या मशीन आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवे प्रोसेसर लागतात. एकाने सगळ्या भंगारात काढून नव्या घ्या असे सुचवले. दुसऱ्याने दोन दिवस बसून तपासले, नऊ मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली टाकली, दोन मशीनचे भाग बाकीच्यांसाठी ठेवले आणि मुलांचे मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर सुरू करून दिले. शाळेच्या खर्चाच्या वहीत मात्र त्याचे बिल बसेना, कारण 'खरेदी केलेली वस्तू' या रकान्यात लिहायला काहीच नव्हते. शेवटी आम्ही शिक्षकांनी मिळून ते दिले. तेव्हा हा प्रश्न नुसता खेड्यातल्या गिऱ्हाइकाचा नाही. कागदोपत्रीही वस्तूलाच जागा आहे.

सेवाकेंद्र_ताई | बुधवार, दुपारी ३.२५

मॅडम, अगदी खरे आहे.

वरच्या काटाघरांच्या उल्लेखावरून एक प्रसंग आठवला. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचणाऱ्या बायांचे अंगठे माझ्या मशीनवर उमटत नाहीत. बोंडाच्या सुकलेल्या टोकदार कडांनी बोटांची टोके सोलून निघतात आणि त्वचेवरच्या रेषा झिजतात. पहिल्या वर्षी मला वाटले की अंगठ्याचे यंत्र बिघडले. कारागीर आला, त्याने ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्राम) बदलला, दुसऱ्या खाचेत लावून पाहिले, आणि मग स्वतःचा अंगठा ठेवला, तो लगेच उमटला. माझाही उमटला. समोरच्या आजींचे दहाही बोटांचे टोक त्याने नीट उजेडात पाहिले आणि म्हणाला, "ताई, यंत्र चांगलं आहे. आजींचे हात थकले आहेत." त्याने काच पुसायला मऊ कापड दिले, बोट ओलसर करून ठेवायला आणि अंगठ्याऐवजी अनामिका वापरून पाहायला सांगितले. आजींची डाव्या हाताची अनामिका चौथ्या खेपेस उमटली. त्याने फेरीचे दीडशे घेतले. त्यानंतर वेचणीच्या दिवसांत मी आधी करंगळी आणि अनामिकाच ठेवायला सांगते, आणि नाहीच जमले तर डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीचा मार्ग जिथे उपलब्ध असेल तिथे तो वापरते. त्या दीडशे रुपयांत माझी चार वर्षे निघाली आहेत.

वैनगंगाकाठ | बुधवार, सायंकाळी ६.४०

सर्वांचे वाचले. माझे मत पूर्ण बदललेले नाही, पण एक गोष्ट मान्य करतो. मी जे फुकट करत होतो त्याचा खर्च मी दुसरीकडून, म्हणजे नव्या लॅपटॉपच्या किमतीतून काढत होतो. म्हणजे मुलीसाठी लॅपटॉप घेणारा बाप दुसऱ्याच्या रॅमचे पैसे भरत होता. हे मी कधी अशा रीतीने पाहिले नव्हते.

आर्वीचा_कारागीर | शुक्रवार, रात्री ९.१५

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल त्या कृषी केंद्रवाल्यांचा फोन आला. मशीन पुन्हा बीप देऊ लागली होती. माझ्या कामात कसर राहिली की काय, या विचाराने मी बेचैन झालो आणि आज सकाळी स्वतःच गाडी काढून त्यांच्या गावी गेलो. निघण्याआधी फोनवर फेरीचे अडीचशे सांगितले. ते "या तुमी, पायतो" एवढेच म्हणाले.

तारजोडणी यांनी लिहिल्याप्रमाणे आधी मीटर सॉकेटला लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अकरा व्होल्ट होते. मशीन खिडकीखाली, खताच्या पोत्यांना लागून होती आणि पेटीचे मागचे एक झाकण नव्हतेच, म्हणजे ओल थेट आत जात होती. या वेळी पेटी त्यांच्यासमोर उघडली. रॅम काढून त्यांच्याच हातात दिली आणि खोडरबरही दिला. त्यांनी स्वतः पुसले, खोडरबराची काळी झालेली बाजू उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग आम्ही दोघांनी मिळून मशीन खतांपासून दूर, आतल्या भिंतीशी लावली आणि उघड्या खाचेवर पत्र्याची पट्टी बसवली. त्यांनी अडीचशे दिले आणि अर्थिंगचे काय करायचे ते विचारले.

तिथे मी अडलो, कारण ते काम माझे नाही. तारजोडणी दादा, त्यांचे दुकान काळ्या जमिनीत आहे, मागे मोकळी जागा आहे आणि सांडपाण्याची नाली तिथून जाते. खड्डा कुठे आणि कसा घ्यावा, ते सांगाल का? पुढच्या आठवड्यात ते गावातला वायरमन बोलावणार आहेत.

तारजोडणी | शुक्रवार, रात्री १०.०५

सांगतो. खड्डा भिंतीपासून दीड मीटर तरी दूर असावा. नालीचे पाणी झिरपते ती बाजू चांगली, तिथली माती उन्हाळ्यातही ओलसर राहते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप अडीच मीटरचा घ्यावा, त्याहून आखूड घेऊ देऊ नका; काळ्या मातीचा वरचा मीटरभर भाग उन्हाळ्यात फाटतो आणि पाइपाला खालच्या न फाटणाऱ्या थरापर्यंत जायचे असते. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ आलटूनपालटून थरांनी भरावे. वर नरसाळे बसवून विटांचा चौकोन आणि झाकण करून घ्यावे, म्हणजे पाणी ओतायला जागा राहते आणि जनावराचा पाय अडकत नाही. पाइपापासून दुकानाच्या बोर्डापर्यंतची तार मध्ये कुठेही जोडलेली नसावी.

मार्च ते जून दर आठ दिवसांनी एक बादली पाणी ओतायचे, हे त्यांना आवर्जून सांगा. काम झाल्यावर वायरमन जाण्याआधी पुन्हा मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला आकडा पाहा, दोनच्या आत आला पाहिजे. नाही आला तर इथे लिहा. मी त्या आठवड्यात पुलगावला येणारच आहे, तिथून आर्वीमार्गे येऊन बघून जाईन.